सव्वादोन वर्षांच्या मुलाला खेळायला मोबाईल द्यावा का? एका स्पीच थेरपिस्टचं सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगा सव्वादोन वर्षांचा, जेवताना मोबाईल लागतोच. इंग्रजीत ए टू झेड म्हणतो, रंगांची नावं सांगतो, वीसपर्यंत आकडे म्हणतो, पण पाणी हवं असलं की तुमचा हात धरून माठापाशी नेतो, तोंडाने मागत नाही, 'आई' अशी हाक मारत नाही. फोन काढून घेतला की डोकं आपटतो. मिस्टर मस्कतला, घरी तुम्ही, सासूबाई आणि हे पिल्लू. आणि तुमचं विचारणं असं की एवढ्या लहान मुलांना मोबाईल द्यावा की नाही, दिला तर किती, एज्युकेशनल ॲप तरी चालतात का, आणि लागलेली सवय एकदम तोडायची की हळूहळू.

आधी थेट उत्तर देते, मग कारणं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मोबाईल अजिबात नाही, फक्त आपल्या माणसांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षं या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तमच, आणि तोही कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसून. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलं ते जवळपास हेच, आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांची जी देशपातळीवरची संघटना आहे, इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स, तिच्याही सूचना याच आहेत. माझं स्वतःचं मत याच्याही एक पाऊल पुढे आहे: ज्या मुलाचं बोलणं अजून मार्गी लागलेलं नाही त्याला तो एक ताससुद्धा देऊ नये, निदान काही महिने तरी. तुमच्या मुलाला मी पूर्ण बंद करायला सांगेन.

आता का ते. मी नाशिकला स्पीच थेरपी करते, बरीच वर्षं झाली, बहुतेक काम पाच वर्षांखालच्या मुलांचंच. पालक येतात तेव्हा त्यांच्या मनात मोबाईलचा धोका म्हणजे किरणं, रेडिएशन, डोळे असं काहीतरी असतं. डोळ्यांचं म्हणाल तर सतत जवळचं बघणं आणि मोकळ्या उजेडात न खेळणं याने चष्मा लवकर लागायचा धोका वाढतो, ते खरं आहे आणि रोज बाहेर खेळायला नेणं हा त्यावर चांगला उपाय आहे. झोपेचंही तसंच, या वयाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप लागते आणि झोपायच्या आधी मोबाईल बघितलेलं मूल उशिरा झोपतं, हे तुम्हीही बघितलं असेल. पण माझ्यासमोर जी मुलं येतात त्यांच्या बाबतीत खरं नुकसान दुसरीकडेच होत असतं. मोबाईल समोर असताना त्या वेळात जे व्हायला हवं होतं ते होत नाही, इथेच घोडं पेंड खातं.

मूल बोलायला कसं शिकतं ते बघा. तुम्ही गॅलरीत कपडे वाळत घालताय, कठड्यावर कबुतर येऊन बसतं, मूल बोट दाखवून 'अं अं' करतं. तुम्ही म्हणता, 'काय रे, कबुतर आलं? हो, कबुतर!' मग मूल तुमच्याकडे बघतं, परत कबुतराकडे बघतं, कबुतर उडतं, तुम्ही म्हणता 'गेलं, उडून गेलं', तेही हात हलवतं आणि काहीतरी 'गे' असं म्हणतं. सगळं मिळून दहा सेकंदांचं प्रकरण. पण त्या दहा सेकंदांत मुलाने सुरुवात केली, तुम्ही उत्तर दिलं, त्याने पुन्हा काहीतरी केलं, तुम्ही पुन्हा उत्तर दिलं. बोलणं म्हणजे ही देवाणघेवाण आहे आणि दिवसातून शेकडो वेळा ती झाली की त्यातून शब्द येतात. मोबाईलवरचं गाणं मुलाने 'अं' केलं तरी चालू राहतं, नाही केलं तरी चालू राहतं, मूल झोपलं तरी चालूच. त्याला मुलाशी काही घेणंदेणं नाही. म्हणजे मुलाच्या कानावर दिवसभर शब्द पडतायत पण त्याच्याशी कुणी बोलत नाहीये.

यावर एक सुंदर प्रयोग झालेला आहे, 2003 साली प्रसिद्ध झाला, अमेरिकेत सिॲटलला पॅट्रिशिया कुल नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी केलेला. नऊ महिन्यांची बाळं घेतली, घरी फक्त इंग्रजी ऐकणारी. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, चिनी पुस्तकं वाचून दाखवली, असं बारा वेळा. दुसऱ्या बाळांना त्याच माणसांचा तोच कार्यक्रम टीव्हीवर दाखवला, तितक्याच वेळा. नंतर तपासलं तर ज्यांच्याशी प्रत्यक्ष माणूस खेळलं त्या बाळांना चिनी भाषेतले बारीक उच्चारभेद ओळखता येत होते, आणि टीव्हीवाल्या बाळांना काहीच आलेलं नव्हतं. शब्द तेच, आवाज तोच, चेहराही तोच, फक्त माणूस समोर नव्हतं. मी पालकांना हा प्रयोग नेहमी सांगते कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

ऑस्ट्रेलियातलं 2024 सालचं एक संशोधन आहे, त्यात 220 कुटुंबांतल्या लहान मुलांच्या अंगावर छोटा रेकॉर्डर लावून घरात दिवसभर कोण किती बोलतंय हे मोजलं. मुलं तीन वर्षांची असताना असं दिसलं की स्क्रीनच्या प्रत्येक जास्तीच्या मिनिटामागे मुलाच्या कानावर मोठ्यांचे साधारण सहा-सात शब्द कमी पडत होते, मुलाचे स्वतःचे आवाज जवळपास पाचने कमी होत होते, आणि ती जी देवाणघेवाण म्हटली ती एकाने कमी होत होती. हे एका मिनिटाचं. आता तुम्ही लिहिलंय की सकाळी, दुपारी, रात्री जेवताना आणि मधे तुम्ही स्वयंपाक करताना असं सगळं मिळून तीन तास तरी होतात, तर हिशोब तुम्हीच करून बघा.

आता ए टू झेड बद्दल. हे ऐकायला तुम्हाला कदाचित त्रास होईल पण सांगते, कारण याच्यामुळेच घरोघरी सहा-सहा महिने वाया जातात. मूल इंग्रजीत रंग सांगतं, आकडे म्हणतं, स्वतः फोन उघडून हवं ते लावतं, मग घरात सगळे म्हणतात केवढा हुशार आहे, याला काय प्रॉब्लेम असणार. हुशार असेलही, त्याबद्दल मला शंका नाही. पण ते पाठांतर आहे. माझ्याकडे आल्यावर मी बशीत केळं ठेवते आणि थांबते. स्क्रीनवर केळ्याचं चित्र आलं की 'बनाना' म्हणणारं मूल समोर खरं केळं असताना, भूक लागलेली असताना, ते नाव वापरून मागत नाही, माझा हात ओढून केळ्यावर नेऊन ठेवतं. म्हणजे नाव माहितीये पण नाव घेऊन माणसाकडून काही मिळवता येतं हेच त्याला माहीत नाही. सव्वादोन वर्षांच्या मुलाला 'ब्लू' येण्यापेक्षा 'पाणी', 'दे', 'नको', 'आई ये' येणं फार फार महत्त्वाचं. दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नासेक शब्द आणि 'बाबा गेले', 'दूदू दे' अशी दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते, आणि या पन्नासात मी गाण्यातले, पाठ केलेले शब्द धरत नाही, स्वतःहून कामासाठी वापरलेले धरते. अलीकडे अजून एक बघते, घरात चारही माणसं मराठी बोलतात आणि मूल कार्टूनच्या सुरात हिंदी वाक्यं म्हणतं, म्हणजे भाषा त्याला घरातून मिळालेलीच नाही.

एज्युकेशनल ॲप आणि व्हिडिओंचंही यातच आलं. 2010 साली अमेरिकेत एक अभ्यास झाला, बारा ते अठरा महिन्यांच्या बाळांवर. शब्द शिकवणारी म्हणून खूप खपणारी एक डीव्हीडी काही घरांत महिनाभर दाखवली. काही घरांना डीव्हीडी न देता फक्त शब्दांची यादी दिली आणि सांगितलं रोजच्या कामात तुम्हाला जमेल तसे शिकवा. डीव्हीडीवाली मुलं काहीच न केलेल्या मुलांच्या पुढे गेली नाहीत, सगळ्यात जास्त शब्द आले ते यादीवाल्या घरांतल्या मुलांना. तेव्हा 'पण मी कार्टून नाही दाखवत, शिकण्याचंच दाखवते' असं जे म्हणतात त्याने या वयात तरी फारसा फरक पडत नाही. तुमचा पैसाही वाचवा, ॲपचं सबस्क्रिप्शन घेऊ नका.

जेवणाबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. मोबाईल लावला की मूल आ करतं, घास आत जातो, त्याचं लक्ष नसतं. काय खाल्लं, गोड होतं की तिखट, पोट भरलं की नाही, कशाचाच पत्ता नाही. चावणंसुद्धा राहून जातं, घास गालात धरून ठेवतात, मग आपण मिक्सरमधून काढून पातळ करून देतो, मग चावायची सवय अजूनच लांबते. जीभ, ओठ, जबडा यांना चावण्यातून जो व्यायाम मिळतो तो मिळत नाही. आणि दिवसातला सगळ्यात जास्त बोलायचा वेळ, जेव्हा आई किंवा आजी समोर बसलेली असते, तोच आपण गमावतो. आधी आपल्याकडे एक घास चिऊचा एक घास काऊचा करत भरवायचे, खिडकीतून कावळा दाखवायचे, त्यातही लक्ष वेधायचंच काम होतं पण एक माणूस मुलाच्या तोंडाकडे बघून त्याच्याशी बोलत होतं.

म्हणून जेवणाचा मोबाईल तर बंद कराच. ताटली त्याच्यासमोर, तुमचंही ताट शेजारी, सगळे एकत्र खाली बसा. वरणभात त्याला हाताने कालवू दे, सांडू दे, खाली जुनी चादर अंथरा. पोळीचे तुकडे, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, मऊ इडली असं हातात धरून खाता येईल ते द्या. वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं, नाही खाल्लं तर न रागावता ताटली उचलायची आणि पुढच्या खाण्याच्या वेळेपर्यंत बिस्किट नाही, दुधाची बाटली नाही. बाटलीने दिवसभर दूध चालू असेल तर भूक लागणारच नाही, मग कितीही काऊचिऊ करा उपयोग नाही. पहिले काही दिवस तो कमी खाईल, तुमचा जीव खालीवर होईल, सासूबाईंचा त्याहून जास्त होईल. चांगल्या तब्येतीचं मूल चार दिवस कमी जेवल्याने काही होत नाही. मात्र वजन आधीच कमी असेल किंवा आजारातून नुकतं उठलं असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारूनच हे सुरू करा.

एकदम की हळूहळू याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, या वयाला एकदम. दोन वर्षांच्या मुलाला 'आज दहा मिनिटं, उद्या पाच मिनिटं' कळत नाही. त्याला फक्त एवढं कळतं की कधी मिळतो आणि कधी मिळत नाही, मग मिळेपर्यंत तो रडत राहणार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अर्धा तास रडू द्यायचं आणि मग कंटाळून फोन द्यायचा. त्यातून तो एवढंच शिकतो की अर्धा तास रडायचं असतं. त्यामुळे ठरवलं की ठरवलं. पण तयारी करून. ताप, दात, प्रवास, पाहुणे असं काही चालू असेल तेव्हा सुरू करू नका, तुमच्या माहेरचं कुणी चार-पाच दिवस येऊन राहू शकत असेल तर ते दिवस धरा. तुमचा फोन त्याला दिसेल असा ठेवायचा नाही, चार्जिंग कपाटावर, रिंग वाजेल एवढा आवाज, बस. यूट्यूबचं आयकॉन दिसणारच नाही असं करा, सासूबाईंच्या फोनवरूनही. घरात एक जुना स्क्रीन फुटलेला फोन असतो तो 'खेळण्यासाठी' देतात, तोही नको.

पहिले तीन-चार दिवस अवघड जातात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जास्तच आकांडतांडव होतं, तिथे बरेच पालक हात टेकतात. त्यालाच सुधारणेची सुरुवात समजा. डोकं आपटायला लागला तर उचलून गादीवर घ्या, डोक्याला लागणार नाही एवढं बघा, जवळ बसा, पाठीवरून हात फिरवा, थोडंच बोला: 'राग आला. फोन नाही. मी आहे.' उपदेश नको, त्या वेळी काही कळत नाही. लहान मुलाला राग आल्यावर शांत कसं व्हायचं हे मुळात माणसाच्या कुशीत शिकायचं असतं, फोन दिला की रडणं थांबतं पण ते शिकणं राहून जातं. मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं, ज्यांना शांत करायला वारंवार मोबाईल दिला जायचा त्यांच्यात पुढच्या महिन्यांत चिडणं, चटकन मूड बदलणं वाढलेलं होतं, मुलग्यांमध्ये जास्त. साधारण आठवड्याभरात बहुतेक मुलं फोन शोधणं कमी करतात आणि मग एक गोष्ट दिसते जी मला दरवेळी बघायला आवडते, मूल कंटाळतं, घरभर फिरतं आणि मग येऊन तुमचा पदर ओढतं. तेव्हा हातातलं काम ठेवून त्याच्याकडे वळा, तोच क्षण आपल्याला हवा होता.

पण मग दिवसभर करायचं काय, स्वयंपाक कसा करायचा, हा प्रश्न खरा आहे. सव्वादोन वर्षांच्या मुलाला खेळण्यांपेक्षा खऱ्या वस्तू आवडतात. ओट्याखालचा एक कप्पा त्याचा करून टाका, त्यात स्टीलच्या वाट्या, चमचे, झाकणं, प्लॅस्टिकचे डबे. कणकेचा गोळा द्या. मटार सोलायला बसवा, निम्मे खाईल निम्मे टाकेल, चालेल. परातीत थोडं पाणी आणि एक पेला, अर्धा तास निघतो, फक्त पाणी असताना नजर हलवायची नाही. वाळलेल्या कपड्यांतून बाबांचा शर्ट शोध, आजीचा रुमाल शोध. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना मागे धावणं जमत नाही असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांना बसल्या जागचे खेळ द्या. इथे इथे बस रे मोरा सारखा खेळ स्पीच थेरपीत आम्ही मुद्दाम वापरतो. तळहातावर बोट टेकवत सगळं म्हणायचं आणि 'भुर्र' च्या आधी थांबायचं. हात वर उचलून तसाच ठेवायचा, मुलाच्या डोळ्यांत बघायचं, मनात पाचपर्यंत मोजायचं. पहिल्यांदा तो नुसता बघेल, मग हात हलवेल, मग एके दिवशी 'भू' म्हणेल. म्हटलं की लगेच भुर्र करून गुदगुल्या. आजीला हे तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही चांगलं जमेल.

बोलताना दोन गोष्टी सांभाळा. एक, सतत परीक्षा घेऊ नका. 'हे काय आहे? हा कुठला कलर? सांग ना मावशीला' याने मूल गप्पच होतं. त्यापेक्षा तो जे करतोय त्याबद्दल छोटं छोटं बोला, 'गाडी पडली', 'अरे, ओलं झालं', 'अजून हवं?' दुसरं, त्याने मागायच्या आधीच सगळं हातात देऊ नका. पाण्याचा पेला दिसेल पण हाताला लागणार नाही असा ठेवा. तो तुम्हाला ओढत नेईल, तेव्हा त्याच्या उंचीला खाली बसा, पेला तुमच्या तोंडाजवळ धरून म्हणा 'पाणी', थांबा, त्याने बघितलं किंवा काहीही आवाज काढला की द्या. 'पाणी म्हण तरच देईन' असं अडवून धरू नका, तहानलेल्या मुलाकडून शब्द वसूल करायचा नाही.

सासूबाईंवर रागावू नका ही माझी हात जोडून विनंती. तुम्ही कामावर असता तेव्हा त्या एकट्या या मुलाला सांभाळतात, फोन दिला की तो जागेवर बसतो, पडत नाही, जेवतो. त्यांच्या दृष्टीने त्या नातवाची काळजीच घेतायत. त्यांना 'तुमच्यामुळे बोलत नाही' असं म्हटलं तर फोन लपूनछपून चालू राहील. शक्य असेल तर त्यांनाच थेरपिस्टकडे घेऊन जा, आमच्याकडून ऐकलेलं जास्त पटतं, मी तर आजी-आजोबांना मुद्दाम बोलावते. आणि मोठ्यांचे फोन हा विषय टाळू नका. 2014 साली अमेरिकेत संशोधकांनी हॉटेलांत मुलांना घेऊन आलेल्या 55 मोठ्यांचं निरीक्षण केलं, त्यातले 40 जण जेवताना फोन वापरत होते आणि बरेच जण मुलापेक्षा फोनमध्येच जास्त गुंतलेले होते. आपल्याकडे वेगळं नाही, मी वेटिंग रूममध्ये रोज बघते. सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव तुम्ही बातम्यांत वाचलं असेल, 2022 पासून तिथे संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाईल बंद. ते त्यांनी शाळकरी मुलांच्या अभ्यासासाठी सुरू केलं, पण मला त्यातलं आवडतं ते हे की एकट्या मुलाला नाही, अख्ख्या घराला, अख्ख्या गावाला एकच नियम. तुमच्या घरात रात्रीच्या जेवणापासून तो झोपेपर्यंत तुमचा फोन, आजींचा फोन आणि मालिका सगळंच बंद ठेवता आलं तर करा. मालिका तो झोपल्यावर बघाव्यात, आजींना तेवढं मागायला हरकत नाही.

आता जे मला सगळ्यात निकडीचं वाटतं ते. 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचे आजोबा चार वर्षांचे असताना बोलले' यावर थांबू नका. आणि 'मोबाईलमुळेच आहे, मोबाईल बंद केला की बोलेल' असं धरूनही बसू नका. मोबाईल बंद करून मुलं सुधारतात हे मी बघते, पण प्रत्येक उशिरा बोलणाऱ्या मुलामागे मोबाईलच असतो असं नाही. सगळ्यात आधी कान तपासा. टाळी वाजवली की बघतो म्हणजे ऐकू येतं असं नसतं, सर्दी-कफामुळे कानात पाणी साचूनही मधले मधले आवाज नीट ऐकू येत नाहीत. ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन रीतसर तपासणी, गरज वाटल्यास ते बेरा टेस्ट सांगतील, म्हणजे कानातला आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, झोपेत होते, दुखत नाही.

मग विकासाची तपासणी. नाव घेऊन हाक मारली तर वळून बघतो का, दुरून हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, काही मजेशीर दिसलं तर तुम्हाला दाखवायला आणतो का, तुमच्या डोळ्यांत बघून हसतो का, आधी बोलत असलेले शब्द गेलेत का. हात धरून नेणं आणि बोट न दाखवणं ही बाब डेव्हलपमेंटल पेडिॲट्रिशियनने, म्हणजे मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी बघायला हवी अशी आहे. घाबरवत नाही, याचा अर्थ लगेच ऑटिझम असा नाही. मोबाईलमुळे ऑटिझम होतो असं जे फिरतंय ते खरं नाही, आणि 'व्हर्च्युअल ऑटिझम' नावाचं कुठलंही अधिकृत निदान नाही, कुणी तेवढं सांगून फक्त मोबाईल बंद करा म्हणून परत पाठवत असेल तर दुसरीकडे दाखवा. ऑटिझम असेल तर जितक्या लवकर कळेल तितका थेरपीचा फायदा जास्त, नसेल तर तुमची झोप परत मिळेल. खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, सहसा जिल्हा रुग्णालयाच्या आवारात, तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा याच कार्यक्रमाचं पथक येतं, अंगणवाडी ताईंना विचारा. मुंबईच्या जवळ असाल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, वाचा आणि श्रवण याचीच राष्ट्रीय संस्था, तिथेही दाखवता येईल.

व्हिडिओ कॉल मात्र बंद करू नका. बाबा मस्कतला आहेत, त्यांना मूल दिसायला हवं आणि मुलाला बाबा. तिथे समोर खरं माणूस असतं, मुलाने हात हलवला की तेही हलवतं, म्हणून तो व्हिडिओसारखा नाही. दोन ते अडीच वर्षांची मुलं अशा कॉलवरून नवे शब्द शिकू शकतात पण तेच रेकॉर्ड करून दाखवलं तर शिकत नाहीत, असं 2014 सालच्या एका अभ्यासात दिसलंय. फक्त मिस्टरांना सांगा की 'बाबा म्हण, बाबा म्हण' असा धोशा लावू नका. कॅमेऱ्यासमोरून बाजूला होऊन 'भो' करा, टॉवेलमागे लपा, त्याने गाडी दाखवली तर गाडीवर बोला, तो जेवत असेल तर तुम्हीही काहीतरी खायला घेऊन बसा. फोन तुमच्या हातात धरा किंवा डब्याला टेकवून उभा ठेवा, त्याच्या हातात देऊ नका, नाहीतर तो कॉल कट करून दुसरंच काहीतरी उघडेल. कॉल संपला की टाटा करून फोन परत कपाटावर.

पुढे तो तीन-साडेतीनचा झाला, छान बोलायला लागला, तेव्हा कधीतरी टीव्हीवर एखादा भाग सोबत बसून बघायला हरकत नाही. कुठला बघायचा ते लावायच्या आधी ठरवायचं, ऑटोप्ले बंद, शॉर्ट्स आणि रील्स अजिबात नाही कारण त्याला शेवटच नसतो. हातात मोबाईल देऊन एका कोपऱ्यात बसवणं तेव्हाही नकोच.

तपासणीला जाताना त्याचे घरातले तीन-चार छोटे व्हिडिओ काढून न्या, एक जेवतानाचा, एक एकटा खेळतानाचा, एक तुम्ही मागून नाव घेऊन हाक मारतानाचा. नवीन जागी, नवीन माणसांसमोर मुलं वेगळी वागतात, त्यामुळे हे व्हिडिओ आम्हाला फार उपयोगी पडतात. जन्माच्या वेळची फाईल, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होता का, कावीळ झाली होती का, ते कागद, आणि तो स्वतःहून वापरतो त्या शब्दांची यादी, मग ते चारच का असेनात. कानाच्या तपासणीची अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या आणि रिपोर्ट आला की इथेच लिहा, त्यावरून पुढचं सांगते.